विझलेल्या भट्टीची लाली

आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, गाण्याच्या बैठकीचीही होते. संग्रहालयाची मात्र होत नाही. संग्रहालय पाहून आलेला माणूस फार तर प्रवासवर्णन लिहितो. काय पाहिले, तिकीट किती पडले, जेवायला काय मिळाले, आणि शेवटी ‘त्यांच्याकडे किती जपतात, नाहीतर आपल्याकडे!’ हा ठरलेला उसासा. पण संग्रहालयही कुणीतरी रचलेले असते. कोणती वस्तू पुढे मांडायची, कोणती मागे, कशावर उजेड पाडायचा आणि कशाला कोपऱ्यात ठेवायचे, हे कुणीतरी ठरवलेले असते. म्हणजे तीही एक संहिताच झाली. आणि संहिता म्हटली की ती वाचता येते, तिच्याशी भांडताही येते. जपानमधल्या एका डोंगरी खेड्यातले लाल रंगाचे संग्रहालय मी असे वाचून आले. ते मला मनापासून आवडले, आणि त्याच्याशी माझे थोडे भांडणही आहे. दोन्ही इथे मांडते.

लाल रंगासाठी एवढ्या लांब जाण्याचे कारण घरगुती आहे. बेळगावच्या आमच्या जुन्या घरात दिवाळीआधी भिंतींना चुना लागायचा आणि खाली, जमिनीलगत, वीतभर उंचीचा हुरमुंजीचा पट्टा. तुळशीकट्ट्यालाही तीच. आई पत्र्याच्या डब्यात हुरमुंज कालवायची आणि आम्हां मुलांच्या पायांचे तांबडे ठसे घरभर उमटायचे. शेजारच्या कन्नड काकू हाच शब्द थोड्या वेगळ्या हेलाने म्हणायच्या. त्यामुळे तो त्यांचा की आमचा, हा प्रश्न कधी पडला नाही. पुढे कळले की तो दोघांचाही नाही. हुरमुंज, हिरमजी ही सगळी रूपे इराणच्या आखातातल्या होर्मुझ बेटाच्या नावावरून आलेली. त्या बेटावर लाल माती मुबलक. ती गलबतांतून आपल्या किनाऱ्याला लागली आणि येताना बंदराचे नाव अंगाला चिकटवून आली. माती संपली, रंग बदलले, नाव राहिले.

जपानी भाषेत लोहाच्या लाल रंगाला ‘बेंगारा’ म्हणतात, आणि हा शब्द ‘बंगाल’वरून आला, हे वाचले तेव्हा मी चमकले. आमच्या लालीला होर्मुझचे नाव आणि त्यांच्या लालीला आमच्या बंगालचे! तो बेंगारा जिथे तयार होत होता ते गाव पाहायचेच, असे तेव्हापासून मनात होते.

*

गावाचे नाव फुकिया. ओकायामा प्रांतातल्या ताकाहाशी शहराच्या हद्दीत, समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर ते डोंगरात वसले आहे. ओकायामाहून हाकुबी मार्गाच्या गाडीने बित्चू-ताकाहाशी स्थानकावर उतरायचे आणि तिथून तासाभराची बस. बस दिवसातून मोजक्याच. घाटातली वळणे, दोन्ही बाजूंना झाडी, मधूनच एखादे घर. आणि मग एकदम एका वळणावर सगळे गावच तांबडे.

तांबडे म्हणजे कसे? आपल्याकडच्या वाचकाला सांगायचे तर जांभ्याचा चिरा पावसात भिजल्यावर जसा दिसतो तसे. छपरांवर इवामी भागातली तांबूस-तपकिरी कौले, लाकडी जाळ्यांना बेंगाराचा हात, भिंतींच्या गिलाव्यातही तीच छटा. असे सांगतात की गावातल्या धनिकांनी आपापसांत विचार करून इवामीकडचे कारागीर आणवले आणि सारी घरे एका धर्तीने बांधून घेतली. पैसा आला की प्रत्येकाचे घर शेजाऱ्यापेक्षा वेगळे आणि दोन हात उंच व्हायला हवे, ही आपली रीत. इथे पैसा आला आणि गाव एकसारखे झाले. या एका गोष्टीसाठी मी त्या धनिकांना मनातल्या मनात नमस्कार केला.

हा पैसा जमिनीतून आला. फुकियाची तांब्याची खाण जुनी. सतराव्या शतकाच्या अखेरीस सुमितोमो घराण्याने ती चालवली, १८७३ मध्ये ती इवासाकी यातारो यांच्या मित्सुबिशीकडे गेली. पण नुसत्या तांब्याने हे गाव वेगळे ठरले नसते. तांब्याबरोबर इथे गंधकयुक्त लोहाचा दगड निघे. इतर खाणींवर तो टाकाऊ. इथल्या लोकांनी त्यातून हिराकस काढला आणि हिराकसातून बेंगारा. १७०७ पासून हा उद्योग सुरू झाला असे गावाचा इतिहास सांगतो. पुढे अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत फुकियाचा बेंगारा देशभर गेला: इमारी आणि कुतानीच्या चिनीमातीच्या भांड्यांवरची लाल नक्षी, लाखेची भांडी, घरांचे लाकूडकाम. टाकाऊ दगडाने खऱ्या खाणीला मागे टाकले.

*

संग्रहालयाचे नाव ‘बेंगारा-कान’, म्हणजे बेंगारा भवन. मेइजी काळातला बेंगाराचा कारखाना जसा होता तसा तो पुन्हा उभारला आहे. त्याचे पहिले आणि सर्वांत मोठे यश हे, की इथे वस्तू काचेच्या कपाटांत मांडून त्यांना समजावत बसलेले नाहीत. इमारतच समजावून सांगते. तुम्ही एका खोलीतून दुसरीत जाता तसा रंगही पुढे सरकतो. ज्या क्रमाने कामगार काम करत गेले त्याच क्रमाने पाहणारा चालतो. मांडणीचा याहून प्रामाणिक मार्ग मला ठाऊक नाही.

सुरुवात भट्टीच्या खोलीपासून. इथवर जो कच्चा माल यायचा तो हिराकस. दगड भाजायचा, पाण्यात मुरवायचा, ते पाणी आटवायचे आणि थंड होऊ द्यायचे, की हिरवट खडे धरतात. आपल्याकडे रंगारी हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून कापड काळे करत. तोच हिराकस फुकियात लाल झाला. हिरव्या खड्यांचे आधी पाणी उडवायचे, मग ती पूड मातीच्या पसरट परळांत घालून परळांचे थरावर थर भट्टीत रचायचे आणि खाली पाइनची लाकडे लावायची. सुमारे ७०० अंश उष्णता, एक-दोन दिवस. परळ बाहेर काढले की आत लाल. हिरव्याचे लाल होणे हा खरे तर साध्या रसायनशास्त्राचा भाग: गंधक वायू होऊन निघून जातो, लोह हवेतला प्राणवायू धरून बसते. पण त्या रित्या परळांच्या उतरंडीपुढे उभे राहिल्यावर रसायनशास्त्र आठवत नाही. विटांच्या भट्टीत कच्ची वीट टाकून पक्की होताना पाहिलेल्या माणसाला जे वाटते तेच वाटते.

पुढची खोली धुण्याची आणि दळण्याची. पाणचक्कीने फिरणारी दगडी जाती. लाल पूड पाण्यात कालवायची, जाड कण खाली बसू द्यायचे, वरचे बारीक घेऊन दळायचे. त्यापुढची खोली आंबटपणा काढण्याची. रंगात आम्ल उरले तर तो भांड्यावर वा लाकडावर टिकायचा नाही. म्हणून पाणी घालायचे, ढवळायचे, बसू द्यायचे, वरचे पाणी काढून टाकायचे, पुन्हा नवे पाणी घालायचे. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. शेवटी उन्हात फळ्यांवर पातळ पसरून वाळवायचे. जितके धुणे जास्त तितका रंग उंची. भट्टी चित्तवेधक असते, सगळे तिचेच छायाचित्र घेतात. पण रंगाची खरी प्रत ठरते ती या मुकाट धुण्यात. संग्रहालयाने या खोलीला भट्टीइतकीच जागा दिली आहे. ज्याने कुणी हा निर्णय घेतला त्याला कामाची जाण आहे.

*

आता भांडण.

विझलेल्या भट्टीला वास नसतो. पुन्हा उभारलेल्या भट्टीला तर तो कधीच नव्हता. दगड भाजताना आणि हिराकस जाळताना जो वायू निघतो तो गंधकाचा; डोळ्यांना झोंबणारा, घसा धरणारा, झाडोरा करपवणारा. जी लाली भांड्यांवर फुलांसारखी उमलली तिच्यापायी डोंगरउतारांनी काय सोसले असेल, हे त्या स्वच्छ, गार, नीट झाडलेल्या खोलीत उभे राहून कळत नाही. हा दोष एकट्या या संग्रहालयाचा नाही. कारखान्याचे संग्रहालय झाले की पहिल्याप्रथम धूर जातो, मग आवाज, मग घाम. उरते ती कृती. आणि नुसती कृती ही फार गोड गोष्ट असते. तिच्यात कुणी खोकत नाही.

याच्या जोडीला गावात आणखी काय जपले आहे ते पाहावे. मुख्य रस्त्यावर कातायामा घराण्याचा वाडा आहे. दोनशेहून अधिक वर्षे बेंगाराचा धंदा केलेले हे घर २००६ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा ठरले. गावाबाहेर हिरोकाने यांचा वाडा. खालून पाहिला तर दगडी तटामुळे किल्लाच वाटतो. १९७७ मध्ये ‘यात्सुहाका-मुरा’ या चित्रपटाचे चित्रीकरण तिथे झाले, तेव्हापासून लोक तो वाडा चित्रपटासाठीही पाहायला येतात. तांबे आणि हिराकस यांवर उभे राहिलेले हे वाडे सुंदर आहेत, यात वाद नाही. पण दगड आणि सागासारखे पक्के लाकूड टिकते, जाते ओढणारे मनगट टिकत नाही. जो मालक होता त्याचे घर उरते. जो धुणारा होता त्याची फक्त कृती उरते. संग्रहालयाची समीक्षा करणाऱ्याने हे अंतर निदान मोजून दाखवावे. धुण्याच्या खोलीत मी सर्वांत जास्त वेळ थांबले ते त्यासाठी. दिवसभर गार पाण्यात ज्यांचे हात बुडालेले असत त्या हातांचा रंग संध्याकाळी कसा दिसत असेल, हा प्रश्न तिथे विचारण्यासारखा आहे.

दुसरा मुद्दा तारखांचा. खाण बंद पडली १९७२ मध्ये. कारखान्यांतून निघणारा स्वस्त लोहरंग बाजारात आला होता, त्यामुळे बेंगाराचे जुने उत्पादन १९७४ मध्ये थांबले. आणि सरकारने जुन्या घरांचा संरक्षित भाग म्हणून या गावाची निवड केली १९७७ मध्ये. म्हणजे रंग करणे थांबले आणि अवघ्या तीन वर्षांत रंग जपणे सुरू झाले. हे जपणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते झाले नसते तर ही जाळ्यांची लाली आज दिसलीच नसती. पण जपणूक आणि उद्योग यांची अशी पाठशिवण पाहिली की मनात पाल चुकचुकते. गावातली लाकडी प्राथमिक शाळा पाहा. तिच्या बाजूच्या इमारती १९०० च्या, मुख्य इमारत १९०९ ची. वापरात असलेली जपानमधली सर्वांत जुनी लाकडी शाळा म्हणून तिचे कौतुक होई. मुले संपली, आणि २०१२ मध्ये शाळा बंद झाली. पुढे तिची नीट दुरुस्ती झाली आणि २०२२ मध्ये ती लोकांना पाहण्यासाठी उघडली. बाके आहेत, जिने आहेत, खिडक्यांतून ऊन येते. घंटा वाजल्यावर धावत बाहेर येणारे कुणी नाही. बेंगारा भवनाचा खरा जोडीदार मला ही शाळा वाटते. दोन्हीकडे सगळे काही आहे. फक्त ज्यासाठी होते ते नाही.

गावात रुमाल बेंगाराने रंगवून घेण्याची सोय आहे. मीही रंगवला. छान निघाला. पण तो रंग त्या भट्टीतला नाही, कारण ती भट्टी पेटत नाही. ही गोष्ट पाहुण्याच्या कानावर हळूच का होईना घालावी, असे मला वाटते. त्याने रुमालाची किंमत कमी होणार नाही, भट्टीची वाढेल.

*

तिसरे भांडण नावाचे. आणि तेच मला सर्वांत जवळचे.

२०२० मध्ये फुकियाला ‘जपानी वारसा’ योजनेत स्थान मिळाले ते ‘जपानी लाल’ रंगाचे जन्मस्थान म्हणून. पाटी चांगली आहे, आणि गावाला पाहुणे हवे आहेत हेही खरे. पण ज्या लालीला आपण अस्सल जपानी म्हणतो तिचे नाव बंगालचे आहे, ही गंमत त्या पाटीच्या मागे झाकली जाते. संग्रहालयाचा भर कृतीवर आहे, नावाच्या प्रवासावर नाही. मला तो प्रवास भिंतीवर मोठ्या नकाशात पाहायला आवडला असता.

कारण तो नकाशा फार बोलका आहे. जपानने परकीयांना दारे लावून घेतली होती त्या काळात युरोपीयांपैकी फक्त डच व्यापाऱ्यांना नागासाकीजवळच्या देशिमा बेटावर जागा होती. याच डचांची वखार बंगालमध्ये हुगळीकाठी चुंचुड्याला होती. त्यांच्या जहाजांतून बंगालचे रेशीम जपानला जाई. बंगालकडचे पट्ट्यांचे कापडही जाई, आणि त्याला जपानी लोक ‘बेंगारा-जिमा’ म्हणत. लाल रंगाला चिकटलेले नाव याच वाटेने गेलेले. आणि परतताना ती जहाजे काय आणत? जपानी तांबे. डचांनी ते भारताच्या बंदरांत मोठ्या प्रमाणावर विकले. म्हणजे तिकडचे तांबे इकडे आणि इकडचे नाव तिकडे. त्या डोंगरी गावातल्या माणसाने बंगाल पाहिले नव्हते. ते कुठल्या दिशेला आहे हेही त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. तरी रोज सकाळी तो बंगालचे नाव घेऊनच कामाला लागे. शब्द परवाना काढून हिंडत नाहीत.

याहून मोठी गोष्ट प्रयोगशाळेतून पुढे आली. फुकियाची लाली इतर लोहरंगांपेक्षा उजळ का, आणि भांडे भट्टीत भाजले तरी ती काळवंडत का नाही, याचा शोध ओकायामा विद्यापीठातल्या संशोधकांनी घेतला. उत्तर असे निघाले की या लालीत लोहाबरोबर थोडे अॅल्युमिनियम मिसळलेले होते. दगडातून आलेले, न मागता आलेले. त्या भेसळीमुळे रंगाचे कण भट्टीच्या आचेत वाढून जाड होत नाहीत, आणि कण बारीक राहिले की लाली पिवळसर झाक घेऊन उजळते. अगदी शुद्ध लोहाचा रंग तितका देखणा निघत नाही. कारखान्यांचा स्वस्त रंग शुद्ध होता, म्हणूनच तो फिका पडला. फुकियाच्या कारागिराला अॅल्युमिनियम हे नाव ठाऊक नव्हते. पण कुठल्या दगडाची लाली चांगली, हे डोळ्यांना ठाऊक होते.

परक्या देशाचे नाव, टाकाऊ दगड आणि न मागितलेली भेसळ: ‘जपानी लाल’ या तिन्हींची मिळून झाली आहे. दोन भाषांच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला याचे नवल वाटू नये. आपली बोली चांगली लागते ती कशामुळे, हे आपण घरी कुणाला समजावून सांगत नाही; पण जिभेला ठाऊक असते. फुकियाच्या लोकांनी ही गोष्ट लपवली आहे असे मी म्हणत नाही. मी म्हणते ती त्यांनी मिरवावी.

*

परत येताना मला आपल्याकडची कावी आठवत होती. गोव्यातल्या आणि कोकण-कारवार किनाऱ्यावरच्या काही जुन्या देवळांच्या भिंतींवर ती आहे. चुन्याच्या गुळगुळीत गिलाव्यावर लाल कावेचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने कोरून खालचा पांढरा उघडा करायचा. की वेली, पक्षी, देवदेवता लाल-पांढऱ्यात उमटतात. त्या लालीचे मूळही लोहाच्याच मातीत. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कित्येक भिंतींवरून तेलरंगाचा हात फिरला आणि कावी गेली. ‘आपल्याकडे कोण जपतो!’ हा उसासा मी सुरुवातीलाच मोडीत काढला होता, तेव्हा आता तो टाकणार नाही. एवढेच म्हणते की फुकियाने आपल्याला दोन धडे दिले आहेत. पहिला, की हस्तकला जपायची तर तिची खोली-खोलीने उलगडणारी कृती जपावी, नुसता नमुना नव्हे. दुसरा धडा त्यांनी न सांगता दिला: भट्टी विझल्यानंतर जपायला लागलो तर उशीर झालेला असतो. कावीचा थर देणारा हात जिथे अजून शिल्लक आहे तिथे त्याला काम मिळाले पाहिजे. कपाट मागाहून करता येईल.

फुकियाहून मी लाल पुडीची एक लहान पुडी आणली होती. घरी आल्यावर आईपुढे उघडली. तिची नजर आता अधू झाली आहे. पण तिने चिमूट घेतली, बोटांत चोळली, नाकाशी नेली.

‘‘हुरमुंज का गं?’’

‘‘जपानची आहे, आई. तिकडे तिला बंगालचे नाव आहे.’’

‘‘असेल. पण हिला मातीचा वास नाही,’’ ती म्हणाली, आणि बोटे पदराला पुसली. थोड्या वेळाने पदरावरचा डाग पाहून तीच म्हणाली, ‘‘रंग मात्र चांगला धरतो हो.’’

संग्रहालयाबद्दल माझेही म्हणणे याहून फार वेगळे नाही.